तिसऱ्या पिनेचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझा उजवा अंगठा आपोआप आखडतो. त्या अंगठ्याने मी टेस्टरची टोपी दाबली, आतला तांबडा दिवा लागला, आणि त्या दिव्याच्या भरवशावर एका निरपराध माणसाला मी तीन दिवस ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. पुढे गुन्हा उघडकीस आला. प्रशस्तिपत्रक मला मिळालं. ते कोणामुळे मिळालं, हे मी कागदावर कधीच आणलं नाही. आज आणतो.

लॉकडाऊन उठून वर्ष झालं असेल. शिरूर तालुक्यातल्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार डायरी लिहीत होता, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. सणसवाडीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारी चोवीस वर्षांची मुलगी, विजेचा धक्का, बेशुद्ध. मुलगी मांडवगण फराट्याकडची. एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती आणि आठवड्यातले दोन दिवस खोलीवरूनच लॅपटॉपवर काम करायची.

आम्ही पोचलो. एका ओळीत सहा खोल्या, त्यातली ही दुसरी. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. बादली तशीच. स्टुलावर धातूच्या बॉडीचा लॅपटॉप. शेजारणीने झाडूच्या दांड्याने वायर ओढून पिन बाहेर काढली, म्हणून मुलगी सुटली होती.

खोलीमालक हजर होता. पांढरे कपडे, गावच्या राजकारणात वजन. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, माझ्या खोलीत काय बी दोष न्हाई. पोरीचा लॅपटॉप झिणझिण्या मारीत व्हता. आठ दिवसांमागं तिनं त्या रिपेअरवाल्याकडनं चार्जर बदलून आणला. त्येच्या आधी असं कवा झालं न्हाई. इचारा कुनालाबी."

खबर आयती आणि चोख. पोलिसाला याहून गोड काय असतं? मी टेस्टर मागवला, पिन परत सॉकेटमध्ये घातली आणि लॅपटॉपच्या झाकणाला टेस्टर टेकवला. दिवा लख्ख पेटला. दोन्ही पंच एकदम मागे सरले. मी पंचनाम्यात लिहून घेतलं: 'टेस्टर लावला असता दिवा लागला. लॅपटॉपच्या बॉडीत विद्युतप्रवाह उतरल्याचे दिसून आले.' लॅपटॉप आणि चार्जर सील केले, खोलीला कुलूप घातलं आणि निघालो. सगळं मिळून वीस मिनिटं.

रिपेअरवाला मूळचा दौंडचा, तिशीतला, शिरूरला त्याचं छोटं दुकान. त्याला आणलं. अटक दाखवली नाही. 'चौकशीकामी बसवून ठेवला.' आमच्या खात्यात हा शब्द फार सोयीचा. डायरीत नोंद नाही, माणूस मात्र घरी जाऊ शकत नाही. संध्याकाळी सोडायचं, सकाळी सातला परत बोलवायचं. तो रोज दौंडहून पहिल्या गाडीने यायचा.

"चार्जर तू दिलास?"

"व्हय साहेब. तिचा आधीचा दोन पिनांचा व्हता. त्यानं झिणझिण्या येतात, पन जिवाला धोका नसतो. मी तीन पिनांचा दिला."

"आणि पोरगी चिकटली."

"साहेब, तिसरी पिन अर्थिंगची. ती झिणझिण्या घालवाया असती. तिच्या गेल्या पन व्हत्या. आठ दिवस बरं चाललं, असा मेसेज हाय तिचा. दावू का?"

"दिवा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

"दिवा लागतोच साहेब. अर्थिंग नसलेल्या कुठल्याबी लॅपटॉपला लागतो. तुमच्या त्या टेबलावरच्याला लावून बघा."

हवालदार हसला. "आता आमच्या लॅपटॉपला बी अटक करायची का रं?" सगळं ठाणं हसलं. मीही हसलो.

"साहेब, सॉकेट उघडून बघितलं का?"

"गप बस."

सॉकेट उघडून बघा, हे त्याने तीनदा सांगितलं. पहिल्यांदा त्या संध्याकाळी. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी, आल्या आल्या. तिसऱ्यांदा त्याच दुपारी, मुलीचे वडील ठाण्यात आले तेव्हा. त्यांनी बाकड्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "ह्यानं माझ्या लेकीला करंट दिला?" रिपेअरवाला उठून उभा राहिला. "मामा, माझं ऐका, त्या खोलीचं सॉकेट..."

"मामा म्हनू नगंस मला," म्हातारा म्हणाला. रिपेअरवाला खाली बसला.

तिसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. त्याच ओळीतली तिसरी खोली. तिथली बाई चार दिवस गावाला गेली होती. आल्यावर तिने फ्रीज चालू केला आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतला. फ्रीजने तिला अशी फेकली की उंबऱ्यावर पडून मनगट मोडलं.

या खोलीत लॅपटॉप नव्हता. चार्जर नव्हता. रिपेअरवाला तर माझ्यासमोर बाकड्यावर बसलेला होता! 

मी हवालदाराला ओरडलो, "पळ! सहाच्या सहा खोल्यांचा मेन स्विच पाड!" आणि ड्रॉवरमधून टेस्टर काढून आमच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या स्क्रूला टेकवला. त्याचा चार्जर जुना, दोन पिनांचा.

दिवा लागला.

दोन दिवस आम्ही या लॅपटॉपवर हात ठेवून जबाब टाइप करत होतो. कोणी मेलं नव्हतं. मग मी पंचनाम्यात लिहिलेल्या दिव्याचा अर्थ काय?

"यातलं नीट कळणारा कोणी आहे का?" मी रिपेअरवाल्याला विचारलं. तीन दिवसांत मी त्याला पहिल्यांदा खरा प्रश्न विचारत होतो.

"पाबळला एक मास्तर हायेत. पोरांना वायरिंग शिकवायचे. त्यांच्याकडनंच शिकलो मी."

जीप पाठवली. मास्तर सत्तरीचे, सडपातळ, खिशात मल्टिमीटर आणि पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा साठचा बल्ब. ते टेस्टरकडे बघून म्हणाले, "साहेब, ह्यो टेस्टर म्हंजी गल्लीतली चुलती. मुंगी चावली तरी बोंब, नाग चावला तरी तीच बोंब. मुंगी कंची आन् नाग कंचा, ते बल्ब सांगंल."

वायरलेस सेटच्या खोलीत ठाण्याचं एकमेव पक्कं अर्थिंग होतं. त्या अर्थिंगपासून आमच्या लॅपटॉपच्या स्क्रूपर्यंत मास्तरांनी मीटर धरला. नव्वदच्या आसपास व्होल्ट. हवालदार हात झटकून मागे झाला. मग त्याच दोन टोकांना मास्तरांनी बल्ब लावला. बल्ब पेटला नाही, आणि मीटर झर्रकन खाली उतरला.

"ही मुंगी," मास्तर म्हणाले. "चार्जरमधनं झिरपनारा करंट. झिणझिण्या येतात, पन त्यात जोर न्हाई. आता पोरीचा काढा."

पंचांना बोलावून सील उघडलं. मुलीचा लॅपटॉप, तोच तीन पिनांचा चार्जर, वायरलेस खोलीचं सॉकेट. टेस्टरचा दिवा विझलेलाच. मीटर शून्यावर. ज्या वस्तूला मी आरोपी केलं होतं, ती धुतल्या तांदळासारखी निघाली. मास्तर म्हणाले, "ह्या चार्जरची तिसरी पिन थेट बॉडीला जोडलीय. म्हंजी सॉकेटच्या तिसऱ्या भोकात जे असंल, ते बॉडीवर. हितं चांगलं अर्थिंग हाय, म्हनून बॉडी गार. चला, ती खोली बघू."

जीपमध्ये मास्तर पुढे, मी आणि रिपेअरवाला मागे. घाई इतकी, की वाटेत ड्रायव्हरला मी दोनदा झापलं. ओळीसमोर तोवर गर्दी जमली होती. मास्तरांनी सगळ्यांना लांब उभं केलं, पायात रबरी बूट घातले, मुलीचा लॅपटॉप लाकडी स्टुलावर ठेवला आणि चार्जरची पिन सॉकेटमध्ये घातली. मागच्या बोअरच्या लोखंडी पाइपाला बल्बची एक वायर बांधली, दुसरी लॅपटॉपला. मेन स्विच वर केला.

बल्ब भगभगून पेटला! गर्दीतून एकच हाय उठली. पण खरी गंमत पुढे होती. मास्तरांनी मला विचारलं, "साहेब, सॉकेटचं बटन चालू हाय का बंद?"

मी वाकून पाहिलं. बंद होतं.

मेन पाडून सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीच्या स्क्रूपासून तिसऱ्या भोकाच्या स्क्रूपर्यंत दोन बोटं लांबीचा तारेचा तुकडा. लूप. सहाही खोल्यांत तसाच.

खोलीमालकाला तिथेच खुर्ची दिली.

"अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

"अर्थिंग हाय की साहेब. तिसरं भोक रिकामं हाय व्हय?"

"खड्डा कुठं आहे?"

"सहा खोल्यांना काय सहा खड्डे खनू? मिस्त्री म्हनला लूप मारू, समदीच मारत्यात."

"सहा न्हाई मालक, एकच लागतो," मास्तर म्हणाले. "मीठ, कोळसा आन् आठवड्याला बादलीभर पानी. तुमच्या घराला हाय का न्हाई?"

त्याच्या स्वतःच्या घराला होता.

आता एकच गाठ उरली. लूप तर वर्षभरापासून होता, मग धक्का त्याच दिवशी का? पहिल्या खोलीतला भाडेकरू गर्दीतून म्हणाला, "साहब, उस दिन सुबह ही तो मेन स्विच इधर से उधर किया." सातवी खोली काढायची म्हणून मालकाने त्या सकाळी खासगी मिस्त्रीकडून मेन स्विच हलवला होता, आणि मिस्त्रीने दोन वायरी उलट जोडल्या होत्या. न्यूट्रलच्या वायरीत फेज, म्हणजे जिवंत वीज आली, लूपमधून तिसऱ्या भोकात गेली आणि तिथून लॅपटॉपवर, फ्रीजवर. बटण बंद केलं तरी ती तशीच राहत होती. मालकाला हे त्याच सकाळी उमगलं असणार. म्हणूनच मला इतकी चोख खबर मिळाली. जी खबर देणाऱ्याला वाचवते तिच्याकडे आधी संशयाने बघावं, हे मी नव्या पोरांना वर्गात शिकवत होतो!

मालकावर आणि मिस्त्रीवर दोषारोपपत्र गेलं. मुलगी चौथ्या दिवशी शुद्धीवर आली, डाव्या हाताच्या दोन बोटांवर डाग राहिला. पण दोषारोपपत्रात मी लिहिलं: 'तपासादरम्यान सॉकेटमधील दोष आमच्या निदर्शनास आला.' आमच्या! बाकड्यावरच्या माणसाचा कुठेच उल्लेख नाही. उल्लेख केला असता तर तो तीन दिवस तिथे का होता, हेही लिहावं लागलं असतं. आणि पहिल्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर त्या बाईचं मनगट मोडलं नसतं. ते मनगट माझ्या खात्यावर आहे. शिरूरला लोक त्याला 'शॉकवाला' म्हणू लागले. सहा महिन्यांत त्याने दुकान बंद केलं.

या केसने शिकवलेलं सांगतो. लॅपटॉप झिणझिण्या मारत असेल तर नुसत्या टेस्टरवर जाऊ नका, आणि बल्बचा प्रयोग स्वतः करू नका, त्यात माणूस मरतो. जाणत्या वायरमनला बोलवा. आधी घराला खरं अर्थिंग आहे का आणि सॉकेटमागे लूप तर नाही ना, ते बघायला लावा. मग बॉडी मीटरने आणि बल्बने तपासायला सांगा. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. आणि पोलीस असाल तर वस्तू सील करण्याआधी ती जिथे जोडली होती ती भिंत बघा.

गेल्या महिन्यात हा मजकूर घेऊन मी दौंडला गेलो. आता त्याने तिथे नवं दुकान काढलंय, ते चांगलं चालतं. त्याने उभ्यानेच सगळं वाचलं.

"साहेब, तीन दिवस बसवला ते लिहिलंत. पन रोज दोन चहा पाजले, ते न्हाई लिहिलं."

मला हसू येईना. "काही चुकलंय का?"

"एवढ्या वर्सांनी आलात, त्येच चुकलंय." मग त्याने कागद परत दिले. "त्या मुलीच्या वडलांना वाचून दावा. तेवढं बास."

परवा मांडवगणला जाऊन वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्येचा नंबर हाय का तुमच्याकडं?" मी फोन लावून दिला. पलीकडून आवाज आला. म्हाताऱ्याने फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाला, "मामा बोलतोय."

पंचनामा आता बदलता येत नाही. त्यात राहून गेलेली वाक्यं इथे लिहितो. टेस्टर लावला असता दिवा लागला. सॉकेट उघडून पाहिले नाही. पाहा, असे बाकड्यावर बसलेल्या माणसाने तीन वेळा सांगितले होते.