साहेब येणार म्हणून बुजवलेले खड्डे

आमच्या मैदानाला सरकारी अनुदान मिळालं ते ओव्हरसियरसाहेबांमुळं, आणि मी कोल्हापुरात टिकलो तोही त्यांच्यामुळंच. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात चूक सगळी माझी होती.

मी चंदगडकडचा. सातवीत शाळा सुटली. विशी ओलांडल्यावर एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या मैदानावर राखणीला लागलो. पाणी मारायचं, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या, म्हशी आत येऊ द्यायच्या नाहीत. राहायला तालमीची वरची खोली. जेवणाचा डबा पेठेतल्या घरांतून पाळीपाळीनं यायचा, आणि एकाही घरानं कधी पाळी चुकवली नाही. एवढं सुख असूनही धास्ती जात नव्हती. कुणी हाक मारली की वाटायचं, आता हा मला गावाकडं जा म्हणणार.

मैदानाला उतार होता. सगळं पाणी उत्तरेकडच्या गोलपुढं जमायचं आणि दिवाळीपर्यंत हलायचं नाही. माझी नजर चुकवून म्हशी त्यात बसायच्या. चिखल वाळला की त्यांच्या खुरांचे खड्डे दगडासारखे घट्ट व्हायचे. कुणाचा पाय मुरगळला नाही असा मोसम गेला नाही. आमच्या सेक्रेटरींचं सायकलचं दुकान होतं. दुकान भावावर टाकून त्यांनी कचेरीत खेटे घातले, मैदान सपाट करायला आणि कडेनं गटार काढायला अनुदान मागितलं. शेवटी निरोप आला की कचेरीतले मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार. त्यांना गरज पटली तर पैसे, नाहीतर फाईल बंद.

सेक्रेटरी नेमके बहिणीच्या गावाला लग्नाला गेले होते. माझ्यापर्यंत निरोप पोचला तो एवढाच, परवा साहेब मैदान बघायला येणार.

आमच्याकडं पावणं येणार म्हटलं की अंगण सारवून ठेवतात. दुसरं काही मला सुचलंच नाही. वीटभट्टीवाल्याची बैलगाडी मागून आणली, दोन दिवस मुरूम ओढला, खड्डे भरले, धुमसानं चोपले, वरून ताज्या रेघा ओढल्या. तालमीतले पैलवानही हौसेनं मदतीला आले. एकानं तर गोलच्या खांबांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. काहीतरी चुकतंय असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

साहेबांची जीप आली. मागोमाग फाईल आणि मोजायची टेप घेऊन त्यांच्या हाताखालचे ओव्हरसियर उतरले. सेक्रेटरी त्याच सकाळी लग्नाहून परतले होते. ते फाटकातून आत आले आणि जागेवरच उभे राहिले. साहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि खूश होऊन म्हणाले, मैदान तर उत्तम राखलंय, इथं सरकारनं आणखी काय करायचं?

सेक्रेटरी माझ्याजवळ आले. "कुणी केलं हे?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. कोल्हापुरात माणूस बारीक आवाजात बोलायला लागला की आपण घाबरावं.

"मीच. साहेब येणार म्हणून."

"लेका, आजारी माणसाला डाक्टरकडं न्हेताना पावडर लावून न्हेतोस व्हय?"

पैलवान हसले. मला खोलीतली माझी पत्र्याची ट्रंक गावाकडं जायला भरलेली दिसायला लागली.

ओव्हरसियरांनी हे ऐकलं असावं. ते उत्तरेच्या गोलपुढं गेले, टाच दाबून पाहिली. मग साहेबांना म्हणाले, उतार मोजायचा राहिलाय, तोवर आपण चहा घ्यावा. साहेब समोरच्या दुकानात चहाला गेले. इकडं ओव्हरसियरांनी मला जवळ बोलावलं.

"पाणी कुठनं मारतोस?"

मी टाकी आणि पाईप दाखवला.

"मग सोड की मध्यावरनं. भरपूर सोड."

पाणी निघालं ते सरळ उत्तरेच्या गोलकडं. ताजा मुरूम बसत गेला आणि एकेक खड्डा पुन्हा वर आला. चहा घेऊन साहेब परतले तेव्हा गोलपुढं तळं होतं. नीट पाहावं म्हणून ते पुढं झाले आणि त्यांचा बूट चिखलात गेला. साहेबांनी बूट काढला, ओव्हरसियरांकडं पाहिलं, आणि हसून म्हणाले, लिहून घ्या.

निघताना सेक्रेटरी माझ्याबद्दल काही सांगायला लागले, तर ओव्हरसियरांनी त्यांना मध्येच थांबवलं. "ह्याला काय बोलू नका. एवढा मुरूम ओढून चोपलाय ह्यानं, कामाचा गडी हाय. काम निघालं की ह्यालाच उभा करा, पाणी कुठं जातं ते ह्याला ठावं हाय."

तसंच झालं. मंजुरी आली, आणि गटाराची रेघ मीच फक्कीनं आखून दिली. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या रेघेनं बाहेर पडताना मी छत्री धरून नुसता बघत उभा राहिलो. सेक्रेटरीही येऊन उभे राहिले. माझ्याच छत्रीत शिरले, आणि त्यानंतर ट्रंक कधी माझ्या डोळ्यांपुढं आली नाही.

ओव्हरसियरसाहेबांची बदली काम संपायच्या आधीच झाली. पाहणीच्या दिवशी त्यांच्यापुढं माझ्या तोंडून आभाराचा शब्दही फुटला नव्हता. ते आता नेसरीकडं कुठंतरी असतात असं कळलंय. मी त्यांना शोधणार, सामन्याच्या दिवशी मैदानावर आणणार, आणि अख्ख्या पेठेसमोर सांगणार की हे मैदान यांनी वाचवलं. त्यांचं माझ्याकडं जे राहिलंय ते मी फेडणार.