खंडेनवमीचं कार्ड

संतोषचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईतल्या माझ्या स्वयंपाकघरात दूध तापवत उभी होते. संतोष म्हणजे माझा भाचा, अक्काचा मुलगा. "मावशी, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. माझ्या बहिणीचा नवरा गेला होता, माझे दाजी गेले होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "कार्ड घेतलं होतं का रे बरोबर?" संतोष म्हणाला, "दवाखान्यात न्यायचं कामच पडलं न्हाई मावशी. गिरणीतच, खुर्चीवर बसल्या बसल्या." दूध उतू गेलं, ते मी तसंच जाऊ दिलं.

घाटनांदूरला पोचल्यावर कळलं की दळण घेऊन आलेल्या बायका दाजींच्या समोर बराच वेळ बसून होत्या. दुपारी गिरणीच्या खुर्चीत डुलकी काढायची त्यांची सवय सगळ्या गावाला माहीत होती, आणि त्या डुलकीतून उठवलं की "दळण काय पळून चाललंय का?" म्हणून ते कसे अंगावर येतात तेही माहीत होतं. म्हणून कुणी हाकच मारली नाही. बायका आपसांत हळू आवाजात बोलत राहिल्या. त्यातली एक मला नंतर रडत रडत म्हणाली, "आमाला वाटलं, आज किसनराव लई गाढ झोपलेत." हे ऐकून मला हसू आलं आणि त्या घरात, त्या वेळी, ते दाबताना माझी जी तारांबळ उडाली ती दाजींना फार आवडली असती.

कार्डाबद्दल मी का विचारलं, ते सांगते. गेली काही वर्षं दाजींचं आणि माझं भांडण चालू होतं ते आरोग्य विम्यावरून. मेहुणी आणि दाजी म्हटल्यावर थट्टा आलीच. लग्नात मी त्यांचे जोडे लपवले तिथपासून ती सुरू होती, आणि पुढे आमची वयं झाली तसे विषय बदलत गेले. आधी सिनेमे, मग मुलांचे मार्क, मग रक्तदाब.

सरकारी योजना पहिल्यांदा आली तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना होती. दाजींचं कार्ड पांढरं. एक गिरणी, थोडी कोरडवाहू जमीन, आणि कार्ड पांढरं! त्याची कथा अशी की उत्पन्न विचारायला माणूस घरी आला, नेमकं त्याच वेळी माझ्या भाचीला बघायला आलेले पाहुणे बैठकीत पोहे खात होते. होणाऱ्या व्याह्यांसमोर खरं उत्पन्न सांगायचं कसं? दाजींनी घसा साफ केला आणि एका गिरणीच्या दोन गिरण्या केल्या, कोरडवाहूची बागायत केली. विचारणाऱ्याने ते निमूटपणे लिहून घेतलं. सोयरीक जुळली नाही ती नाहीच, पांढरं कार्ड मात्र कायमचं घरात आलं. मग शेजारच्या पिवळ्या कार्डवाल्याच्या छातीचं ऑपरेशन फुकट झालं की दाजी बैठकीतल्या त्या खुर्च्यांकडे बघून सुस्कारा टाकायचे.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा खाजगी कंपनीची पॉलिसी घेतली आणि दाजींपुढे मिरवली. पुढे माझ्या पित्ताशयातला खडा काढायची वेळ आली आणि कंपनीने कळवलं की हा खडा पॉलिसीच्या आधीपासून होता, सबब पैसे मिळणार नाहीत. दाजी मला बघायला आले, कॉटशेजारी बसले, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मास्तरीणबाई, खडा काय तारीख टाकून येतो का पोटात?" टाक्यांमुळे मला हसता येईना. हे त्यांना दिसत होतं, तरी थांबले नाहीत.

आणि मग एके दिवशी सुधारणा झाली. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, योजना आता सगळ्यांना, फक्त योजनेचं वेगळं कार्ड काढायचं. दाजींची वरातच निघायची बाकी होती. गिरणीत पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कार्ड काढलं का बे?" बायांना "काढलं का माय?" नाही म्हटलं तर दळण मागे राहायचं. मी म्हणायचे, "दाजी, सगळ्यांना दिलं ते चांगलंच झालं. पण दवाखाने तेवढेच, डॉक्टर तेवढेच. पुरणार कसं?" ते म्हणायचे, "आदी आमाला रांगेत तर उभं ऱ्हाऊ द्या. रांगच न्हवती आमाला." यावर मी चहा मागायचे.

पण योजनेत आजारांची यादी असते आणि दवाखान्यात भरती व्हावं लागतं, हे कळल्यावर दाजींचा स्वभावच बदलला. कुणी कंबर दुखते म्हणालं की ते नाक मुरडायचे, "नुसती कंबर चालत न्हाई. यादीत न्हाई ती." जणू त्या माणसाने आजार निवडताना निष्काळजीपणा केला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना मात्र ते आवाज खाली आणून वेगळंच सांगायचे, "फुकट हाय म्हणून पोटातलं काही काढून टाकायला हो म्हणू नका माय. आदी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा." अशी घाईघाईने गर्भपिशवी काढून बसलेल्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या. तेवढं बोलताना ते थट्टा करत नसत.

त्या वर्षी खंडेनवमीला मी घाटनांदुरातच होते. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात. दाजींनी गिरणीच्या ओट्यावर पाट मांडला, त्यावर जात्याच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी, पाने, कुऱ्हाड, अक्काची विळी असं सगळं धुऊन ठेवलं, आणि शेवटी बंडीच्या खिशातून दोन कार्डं काढून कुऱ्हाडीशेजारी ठेवली. एक स्वतःचं, एक अक्काचं. "हे कशाला?" मी विचारलं. "हे बी हत्यारच हाय," ते म्हणाले, आणि हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं दोन्ही कार्डांवर उठवली. अगदी त्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनावर, जो दवाखान्यात मशीनला दाखवायचा असतो. वर झेंडूचं फूल. मला तेव्हा काही वाटलं नाही. छानच दिसत होतं.

पुढे थंडीत अक्काच्या गुडघ्यांनी अगदीच हात टेकले. ती बसल्या जागी सरकत सरकत चुलीपर्यंत जायला लागली. गुडघा यादीत होता, म्हणून दाजींनी मान ताठ करून तिला लातूरला नेलं. मीही गेले. पहिल्या दवाखान्याच्या दारावर योजनेची मोठी पाटी, आत गेलो तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "सरकारकडून बिलांचे पैसे आलेले नाहीत, आम्ही सध्या योजनेचे पेशंट घेत नाही." "मग पाटी काढा की," दाजी म्हणाले. ती म्हणाली, पाटी काढायचा निर्णय वरचे घेतात. दुसऱ्या दवाखान्यात योजना चालू होती. तिथल्या तरुणाने अक्काचं कार्ड मशीनसमोर धरलं, फिरवलं, पुसलं, परत धरलं. मशीन गप्प.

"काका, हे काय लावलंय याच्यावर?"

"पूजा केलती," दाजी म्हणाले. त्यांनी थुंकी लावून धोतराच्या सोग्याने घासलं आणि चौकोन सगळा गुलाबी झाला. व्हीलचेअरवर अक्का, मागे रांग, आणि दाजींचा चेहरा असा उतरला की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही टोचून बोलले नाही. त्यांना वाटलं, आपल्याच हाताने बायकोचा गुडघा घालवला. पण पोरगा भला होता. त्याने कार्डावरचा नंबर हाताने टाकला, अक्काला कॅमेऱ्याकडे बघायला लावलं आणि काम झालं. जाताना त्याने अक्काचं कार्ड नव्याने छापून दिलं आणि दाजींना बजावलं, "काका, पूजा करा, पण ह्या चौकोनावर काही लावू नका."

ऑपरेशन फुकट झालं. मात्र घाटनांदुरातून पेशंटला बघायला जी माणसं जीपा भरभरून आली, त्यांच्या चहापाण्याला कुठली योजना नव्हती. तेव्हा दाजी मला म्हणाले, "सरकारनं यादीत पाव्हणे घालाय पायजेत." घरी आल्यावरच्या गोळ्याही योजनेत बसत नव्हत्या, त्या औषधाच्या दुकानातून आणाव्या लागत. पण अक्का चालली. एका पायाने नीट, एका पायाने लंगडत, गिरणीपर्यंत चालत गेली आणि दाजींना डबा देऊन आली. त्या दिवशी दाजींनी पट्टा बंद केला होता, तिच्या पावलांचा आवाज ऐकायला. हे मला अक्कानेच सांगितलं, लाजत.

दुसरा गुडघा वर्षाने करायचा ठरला होता. दरम्यान मला दिसायला लागलं की गिरणीची पायरी चढताना दाजी थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि कुणी बघितलं की बंडीचं बटण चाचपल्यासारखं करतात. मी म्हणाले, "दाजी, दाखवून या. कार्ड आहे ना?"

"यंदा न्हाई."

"कावून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सगळ्या घराला मिळून एकच रक्कम हाय ती, वर्साची. माझ्यावर संपलं तर तुझ्या अक्काचा गुडगा अडकंल. तिचं होऊ द्या."

मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की दोन्ही झालं तरी उरेल. संतोषने सांगितलं, लातूरच्या त्या पोरानेही फोनवर सांगितलं. दाजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "योजना चालू हाय तवा बी म्हणले होते, अन् मशीन अडलंच की." शेवटी अक्का रडली तेव्हा कबूल झाले, की तिचा गुडघा झाला की तिथूनच स्वतःला दाखवतील. तिथपर्यंत ते पोचले नाहीत. आधी दाखवलं असतं तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला मात्र अजून राग येतो. जी योजना आपल्याला मिळावी म्हणून त्यांनी इतकी वर्षं जीव टाकला, ती हातात आल्यावर माणसाने ती अशी राखून ठेवावी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बिस्किटासारखी? दाजी, तुम्ही चुकला होतात. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं आणि तुम्ही काहीतरी उलट बोलायला हवं होतं.

महिन्याचा दिवस झाल्यावर अक्काच म्हणाली, "चल, लातूरला जाऊ. त्यांनी ठिवलंय ते वाया घालू नको." अक्काने दाजींच्या बंडीच्या खिशातून कार्डं काढली. तेव्हा मी पाहिलं, की यंदाच्या खंडेनवमीलाही त्यांनी पूजा केली होती. लातूरच्या पोराचं ऐकून चौकोन अगदी कोरा सोडला होता. कुंकू लावलं होतं ते अक्काच्या फोटोवर, बरोब्बर कपाळावर.

मागच्या आठवड्यात आम्ही त्याच खिडकीशी उभ्या होतो. मशीनने कार्ड पटकन घेतलं, टुक् असा आवाज आला. मग त्या पोराने फोटो बघितला आणि सवयीने कापसाचा बोळा ओला केला. "मावशी, चेहरा नीट दिसत नाही. एवढं पुसून घेतो."

अक्काचं कपाळ त्या वेळी रिकामं होतं. तिने हात पुढे करून कार्डावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, बाळा," ती म्हणाली. "मी हाय की समोर. मलाच बघून घे."

त्याने कापूस बाजूला ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.