सुहासचा कान

सुहास गमरे महाडच्या एसटी आगारात मेकॅनिक होता. आगारातले लोक चेष्टेने म्हणत, "सुहासला बायकोचं ऐकू येत नाय, इंजिनाचं बरोबर येतं." यातलं निम्मंच खरं. राजश्रीचं त्याला सगळं ऐकू यायचं, उत्तर तेवढं सुचायचं नाही.

त्याचा मुलगा बुद्धरत्न शाळेत माझा विद्यार्थी होता. घरी त्याला रतन म्हणत. बोलायला कमी, पण बाकावर सारखी बोटं चालायची. पुढे तो औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात लागला आणि त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. मग सुट्टीला मुंबईला जाऊन एकेक पेडल आणू लागला. पेडल म्हणजे मुठीएवढी लोखंडी डबी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की बदलून बाहेर पडतो. किती बदलायचा ते वरची गोल बटणं फिरवून ठरवायचं. एक डबी सुराला जाडी देते, एक त्याच्या शेजारी त्याचाच जुळा भाऊ उभा करते, तिसरी सुराला मागे रेंगाळत ठेवते. हे सगळं मला त्यानेच समजावलं होतं.

त्याच्या या नादाचं मूळ सुहासमध्ये होतं. ऐंशीच्या दशकात, सुहास शाळकरी असताना, वीस मार्चला चवदार तळ्यावर आलेल्या एका गायन पार्टीत एक गिटारवाला होता. त्या रात्रीची गाणी सुहास विसरला, पण गिटारचा आवाज कानात राहिला. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "आता तसा आवाज कोण काढत नाय."

"कसा होता?" रतनने विचारलं.

"ओला."

"ओला म्हणजे काय, बाबा?"

"पाण्यावरनं आल्यासारखा. एक तार छेडली की दोन वाजतायत असं वाटायचं."

रतनने तो आवाज बनवायचं मनावर घेतलं. सकाळची पाळी करून आला की तो ओटीवर पेडलं मांडायचा. सुहास नुकताच निवृत्त झाला होता. तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा.

"हा?"

"नाय. हा पत्र्याच्या डब्यातला."

"आता?"

"आता विहिरीत पडला."

"बाबा, तुम्ही खरंच ऐकलेला ना? का कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जवळ आलास. उद्या बघू."

असे तीन महिने गेले. सुहासची सगळी नोकरी पाळ्यांत गेलेली. मुलगा मोठा झाला तो बापाच्या झोपेच्या वेळांत. बापलेक एवढं बोलत बसलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

जुलैत रतनला ताप आला. लेप्टो होता. आधी महाडला, मग मुंबईला नेला. तिथेच तो गेला. मुंबईहून त्याला घरी आणलं तेव्हा ओटीवरची पेडलं उचलायची की नाही, हे कोणाला कळेना. शेवटी ती भिंतीकडेला तशीच राहिली.

पावसाळा सरला की आमच्याकडे घरोघर बुरशी पुसायचं काम निघतं. राजश्रीने कपाटं पुसली, तसबिरी पुसल्या आणि रतनच्या वस्तूंना बुरशी नको म्हणून पेडलंही पुसली. प्रत्येक बटण फडक्यात धरून, वळवून वळवून. सुहास बाजारातून आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं पुसलंस गो." मग तो माझ्याकडे आला.

चहा त्याने पुढ्यात निवू दिला. "शेवटच्या दिवशी त्याने लावला होता ना सर, तोच आवाज होता तो," तो म्हणाला. "मी पहिल्या तारेला ओळखला. आणि म्हटलं, नाय."

"का रे?"

"हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्याने सगळं गुंडाळून ठेवलं असतं. मला अजून बसायचं होतं त्याच्याजवळ." चहाचा कप त्याने फिरवून परत खाली ठेवला. "बटणं त्याने सोडली तशीच होती. म्हटलं, दीक्षा आली की तिला वाजवायला सांगेन आणि हो म्हणेन. आता पुसताना ती सगळी फिरली. राजश्रीला मात्र सांगू नका."

दीक्षा, त्याची धाकटी मुलगी, पनवेलला नर्स आहे. भावाने तिला थोडं वाजवायला शिकवलं होतं. ती रजा काढून आली. ती वाजवायची, सुहास जमिनीवर बसून बटणं फिरवायचा. रजेच्या शेवटच्या संध्याकाळी मी तिथे होतो. तीच ओळ वाजवून वाजवून तिच्या बोटांची टोकं सुजली होती. सुहासने ती पाहिली.

"हाच," तो म्हणाला. "झालं बाळा. हाच होता."

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ होतं. "हा नाय," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाय. पण रोज भाकऱ्या थापताना ऐकत होते ना मी. त्या दिवशी माझा हात थांबला. म्हटलं, जमलं पोराला. आणि तुम्ही नाय म्हणालात. मला वाटलं, तुम्ही ऐकलेला, तुम्हालाच ठाऊक."

मग सुहासने तिला सगळं सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. हातावरचं पीठ वाळलं.

"मला आधी बोलला असतात तर," ती म्हणाली. "मी नुसतं म्हटलं असतं, रतन, छान वाजतोय रे. तेवढं तरी त्याच्या कानावर पडलं असतं." मग तिचं लक्ष पेडलांकडे गेलं. "आणि मी ती पुसली."

"पुसायलाच हवी होती. बुरशी धरली असती."

दीक्षा दुसऱ्या दिवशी पनवेलला गेली. घरात आता वाजवणारं कोणी नाही. तरी परवा गेलो तेव्हा राजश्री गिटार मांडीवर आडवी घेऊन, अंगठ्याने एकच तार छेडत बसली होती. सुहास डबीवर वाकला होता.

"मागं घ्या."

"मागंच हाय ते."

"मग पुढं घ्या थोडं."

"सापडला का?" मी विचारलं.

"मंगळवारी एकदा आला होता, सर," राजश्री म्हणाली. "मी हो म्हणेपर्यंत यांनी बटण फिरवलं."

सुहासने वर पाहिलं नाही. तिने परत तार छेडली.