आधी वीज तोड, मग हात घाल

साबणाच्या कारखान्यात त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे. किल्ला कुठला, कमरेला एक इवलीशी किल्ली होती इतकंच. पॅकिंगच्या पट्ट्याचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरची ती किल्ली. एकीकडे फिरवली की पट्टा चालणार, दुसरीकडे फिरवली की आतला प्रोग्राम बदलता येणार. बावीस वर्षांत ती त्याने कुणाच्या हाती दिली असेल तर शपथ.

तो प्रोग्राम त्याच्या थोरल्या भावाचा. दादा इथला हेड इलेक्ट्रिशियन. धाकट्याला कामाला त्यानेच लावलं. वडी कधी ढकलायची, कागद कधी कापायचा, सगळं दादाने एकेक ओळ करून प्रोसेसरच्या डोक्यात भरलं होतं. दादा गेला, तरी सकाळी हिरवा दिवा लागला की किल्लेदाराला वाटे, दादा कामावर आला. हा वेडेपणा आहे हे त्यालाही कळायचं. पण बरं वाटायचं, त्याला कोण काय करणार? प्रोग्रामची प्रत एका फ्लॉपीत होती, आणि ती वाचणारं यंत्र आता औषधालाही मिळत नव्हतं.

निवृत्तीला महिना उरला असताना तो दोन दिवस बहिणीकडे गेला आणि नेमका कंट्रोलरवर बॅटरी संपत आल्याचा दिवा लागला. वीज गेली की प्रोसेसरची आठवण त्या बॅटरीवर तगून राहते, म्हणून ती वीज चालू ठेवूनच बदलायची असते. एरवी हे काम तो एकटाच उरकायचा. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या टेक्निशियन बाईंनी त्याचाच पहिला धडा पाळला: आधी वीज तोड, मग हात घाल. स्विच पाडला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. वीज दिली तर तांबडा दिवा. पाटी कोरी.

तो परतला तेव्हा मॅनेजर चौकशीला बसलेच होते आणि बाईंची नोकरी टांगणीला लागली होती. छप्पर उडेल असं ओरडावंसं त्याला वाटलं. पण राग कुणाचा करायचा, हे बाईंचा चेहरा पाहून त्याला कळेना.

"मी शिकवलं तेच केलं तिने," तो म्हणाला. "ही एक गोष्ट मी कधी सांगितलीच नाही, साहेब. माझ्यावाचून अडावं असं वाटायचं मला."

मग तीन दिवस तो आठवून आठवून सांगत होता आणि बाई प्रोग्राम नव्याने लिहीत होत्या. चौथ्या दिवशी पट्टा सुरू झाला. मॅनेजर खूश होऊन गेले. किल्लेदार तिथेच उभा राहिला. दादाच्या पट्ट्याला एक खोड होती. मधूनच तो उचकी लागल्यासारखा अडखळायचा. दोघा भावांनी कितीतरी रविवार घालवले, पण कारण सापडलं नाही. राहू दे रे, म्हणायचा दादा, एवढी तरी खोड माझी राहू दे.

तास झाला. पट्टा एकदाही अडखळला नाही.

"काका, बघा ना, किती सुरळीत चाललाय," बाई म्हणाल्या.

"तेच बघतोय," तो म्हणाला. "दादा नाही यात."