एकशे चाळीस पावलांपलीकडची हाक

मिनासाका शहरात रेल्वेची दोन शेवटची स्टेशनं समोरासमोर उभी आहेत. डोंगराकडून येणारा रूळ एका कंपनीचा, किनाऱ्याकडे जाणारा दुसरीचा. मधली एकशे चाळीस पावलं दोघींपैकी एकीनंही कधी जोडली नाहीत. ती सत्तावीस वर्षं जोडली गेली, ती इत्सुए सुगायाच्या आवाजानं.

इत्सुए डोंगराकडच्या स्टेशनात तिकिटं गोळा करी. सकाळची गाडी सात अडतीसला येई आणि पलीकडची सात बेचाळीसला सुटे. डोळ्यानं फसवू नये म्हणून रेल्वेतला प्रत्येक माणूस सिग्नलकडे बोट दाखवून, जे दिसलं ते मोठ्यानं उच्चारतो. या रिवाजाला इत्सुएनं स्वतःची भर घातली. पलीकडची गाडी गाठायची आहे त्या प्रत्येकावर बोट ठेवून ती मोजे, मग पांढऱ्या हातमोज्यातला हात समोर ताणून पुकारा करी, "किनाऱ्याकडे तीन!" पलीकडून "तीन!" असं उत्तर येई, आणि तिसरा माणूस चढेपर्यंत गाडी हलत नसे. नियमपुस्तकात याचा उल्लेख सापडत नाही.

तिच्यामुळे कुणाचीही गाडी कधी चुकली नाही, असं शहरात सांगतात. ते खरं नाही. पुकारा चालू असतानाही अकरा जणांची चुकली. त्यांची नावं, तारखा आणि कारणं तिच्या वहीत आहेत. अक्षर तिचंच.

मग पलीकडे मुनाकाता नावाचा तरुण स्टेशनमास्तर आला. त्यानं पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं, "एकदा जरी गाडी उगाच थांबली, तर हे बंद." इत्सुएनं ते मान्य केलं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिनं "चार!" असा पुकारा केला. तिघंच पोहोचले. चौथ्याची वाट पाहत गाडी दोन मिनिटं खोळंबली. ती सुटताच मुनाकाता रस्ता ओलांडून आला.

स्टेशनच्या दारात सोबा, म्हणजे गरम शेवया, विकणारी ओरितो लगेच मध्ये पडली. "मास्तर, तो चौथा माझ्या दुकानात शिरला म्हणा की. तेवढीच माझी जाहिरात."

"नको, ओरितोसान," इत्सुए म्हणाली. "चौथा माणूस नव्हताच."

"मग मोजलंत कुणाला?" मुनाकातानं विचारलं.

"नोगामीसानना. दर मंगळवारी ते दवाखान्यात जातात. आज आले नाहीत. माझं बोट मात्र सवयीनं त्यांच्या जागेवर जाऊन आलं."

"म्हणजे पाहिलंच नाहीत?"

"नाही. आमच्या कामात याहून मोठी चूक नाही."

दुपारच्या आत तिनं स्वतः मुनाकाताकडे नेऊन दिलेल्या अहवालात कारणाच्या रकान्यात तीनच शब्द होते: न पाहता मोजले. पुकारा बंद झाला. पुढचे सहा दिवस ती हात खाली सोडून उभी राहिली, आणि वहीतल्या अकरा नावांत आणखी दोघांची भर पडली.

सातव्या दिवशी, मंगळवारी, नोगामी काठी टेकत गाडीतून उतरले. चार मिनिटांत त्यांचा रस्ता ओलांडून होणार नव्हता.

"सावकाश जा, नोगामीसान. पुढची आठ वीसला आहे."

"वा! मागच्या मंगळवारी मी नव्हतो तर माझ्या नावानं गाडी थांबवलीत म्हणे. आज आलोय, तर तोंडाला कुलूप?"

इत्सुए हसली नाही. दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. फलाटाच्या टोकाशी मुनाकाता उभा होता, बोट थेट तिच्याकडे रोखून. "सुगायासान, किती?"

तिनं नोगामींवर बोट ठेवलं, नीट पाहिलं. त्यांच्या मागच्या बाईंवर ठेवलं, पुन्हा पाहिलं. मग हात ताणला.

"किनाऱ्याकडे दोन!"

"दोन!"

मुनाकातानं विचार का बदलला, हे त्यानं कुठं लिहून ठेवलेलं नाही. इतकंच, की इत्सुएचा तो अहवाल त्यानं वर न पाठवता स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. आणि तिच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: दोन. पाहून मोजले. दोघेही चढले.