शेवटची ओळ हॉलची

वर्लन क्रेनेकनं आयुष्यभर वेल्डिंग प्रामाणिकपणे केलं आणि गाणं मात्र खोटं लिहिलं. टेक्सासातल्या त्या गावात त्याच्या त्या एका गाण्याशिवाय लग्न काय, जत्रा काय, पान हलायचं नाही. गाण्यात बायको विनेल नवऱ्याला बाहेर काढते आणि दार लावून घेते. खरं तर हाच पठ्ठ्या गिटार उचलून, तापानं फणफणलेली पोर तिच्या गळ्यात टाकून नाव कमवायला निघून गेला होता. तीन वर्षांनी हात हलवत परतला, तोवर गाणं रेडिओवर वाजून घरोघरी पोचलं होतं.

पुढं बावीस वर्षं विनेल दुकानात शिरली की कुणीतरी ते गुणगुणायचंच.

आज त्या पोरीचं, केलिनचं लग्न. डान्स हॉलमध्ये दुपारची जेवणं उरकली, तशी विनेल थेट स्टेजपाशी आली.

"आज ते म्हणशीलच ना?"

"तू नको म्हणालीस तर नाही म्हणणार, विनेल."

"म्हण की. पण एकदा खरं म्हण. पोरीची सासू समोर बसलीय. तिला तरी कळू दे, कोण कुणाला टाकून गेलं ते."

वर्लनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कागदी रुमालावर शेवटची ओळ नव्यानं लिहिली: 'दार तिनं नाही लावलं, मीच निघून गेलो.' पण रिवाज असा, की त्या ओळीला बँड थांबतो आणि ती अख्खा हॉल म्हणतो. त्यानं ड्रमवाल्या डेल्बर्टला बजावलं, "आज थांबू नकोस."

"लोक मला बदडतील, तुला नाही!"

"गंमत नाही, डेल्बर्ट."

"बरं बाबा."

ओळ आली आणि डेल्बर्टचे हात सवयीनं थांबले. तीनशे माणसं बाटल्या उंचावून जुनीच ओळ गायली. वर्लनचा आवाज त्यात कुठच्या कुठं गेला. केलिनची सासू विनेलला कोपरानं ढोसत म्हणाली, "बाई गं, दार फारच जोरात लावलंस की!"

विनेल हसली नाही. ती वर्लनकडे बघत राहिली.

"वन्स मोअर!" हॉल ओरडला.

"चुकलो रे," डेल्बर्ट खजील होऊन म्हणाला. "आता नाही थांबत."

वर्लननं समोर पाहिलं. केलिन नवऱ्याच्या गळ्यात पडून हसत होती, लोक 'वर्लन, वर्लन' म्हणून ओरडत होते. लाज वाटली त्याला, फार वाटली. रुमाल त्यानं खिशात कोंबला.

"थांब," तो म्हणाला. "नेहमीसारखाच थांब."

विनेलनं ते ऐकलं. तिनं पर्स उचलली आणि हॉलचं दार सताड उघडं टाकून ती निघून गेली.