चावीमामांचा खिसा

चावीमामा कुठल्याही मोटारसायकलला हात लावण्याआधी तिचा फ्यूज काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकत. खिशावरून एकदा तळहात फिरवत, "आता ही निजली," म्हणत आणि मगच पाना उचलत. फ्यूज निघाला की गाडीत वीज नाही. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही. काम संपल्यावर तो परत बसवायचा मात्र ते हमखास विसरत. उमरोळीतली निम्मी गिऱ्हाइकं किक मारून दमली की गाडी ढकलत परत येत आणि मामांच्या खिशाकडे बोट दाखवत.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. बाकीची कामंही ते करत, पण त्यांचा खरा जीव इग्निशन स्विचमध्ये, चावी ज्यात फिरते त्या खटक्यात. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने स्विचच्या आतलं तांबं हिरवं पडतं. माणसं येत ती बॅटरी संपली म्हणूनच. मामा चावी लावून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत आणि डायलवरचा दिवा कुठे विझतो ते बघत. मग टेस्ट लॅम्पची एक वायर टेकवत आणि सांगत, "बॅटरीला उगाच शिव्या नका घालू. ती देते हाय, हा पुढे पोचवत नाय." चावी अडकली तर दुसऱ्याला जोर लावू देत नसत. "जोर नाय. समजूत काढायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चावीशी ते खरोखर बोलत. आम्ही हसायचो.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. जुना स्विच उतरवण्याआधी मालकाने स्वतःच्या हाताने चावी एकदा चालू करून बंद करायची. मालक नसेल तर ते काम उद्यावर ढकलत. उतरवलेला स्विच फेकून देत नसत. चावीसकट भिंतीवर खिळ्याला टांगत. शे-दीडशे तरी असतील. दुपारी वारा सुटला की शेडचा पत्रा खडखडे, छताला टांगलेल्या टायरच्या ट्यूब हलत, पण भिंतीवरच्या चाव्या हललेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. का, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "सगळ्या बंद हायत ना." मी कोळगावच्या सरकारी कचेरीत कारकून आहे, अर्ज आणि शिक्का यांच्या पलीकडे माझा फारसा विश्वास नाही. तरीही त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून बसणं मला जमलं नाही.

माझा दादा, नितीन, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या गाडीचा स्विच सतावू लागला तेव्हा मामांनी त्याला रविवारी यायला सांगितलं. त्याआधीच, शुक्रवारी सकाळी, गाडी चालूच झाली नाही. पहिली पाळी चुकू नये म्हणून तो एका टेम्पोत बसून गेला. टेम्पो बोईसरच्या अलीकडे उलटला. गाडी आमच्या पडवीत उभी होती, एक ओरखडासुद्धा नसलेली.

आईने त्या गाडीची पूजा सुरू केली. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी हँडलवर, मग हळद-कुंकू, तेही नेमकं चावीच्या भोकावर. महिन्याभराने ती मला म्हणाली, "नितू येतो. चारला." पहिली पाळी करून दादा चारलाच घरी पोचायचा. मी तिला डॉक्टरकडे न्यायच्या विचारात होते. मग एका रविवारी मीच पाहिलं. चावी देवघरात, पडवीत कुणी नाही, आणि डायलवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. पाचेक मिनिटं राहिला आणि विझला.

आईने चारच्या आधी जेवणं सोडलं. दोन ताटं वाढून पडवीत बसे. दिवा लागला की गाडीशी बोले, आणि विझला की तिला अन्न जात नसे. तिच्या हाताची हाडं दिसायला लागली. मी पार घाबरून गेले. दादा गेलाच होता. आता आईही माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती.

मामा कुणाच्या घरी जाऊन काम करत नसत. पण मी शेडवर जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा नवा स्विच पिशवीत टाकून निघाले. वाटेत एवढंच बोलले, "रविवार सांगायला नको होता मी." तीनच्या सुमाराला आलो. त्यांनी सवयीने गाडीच्या बाजूचं झाकण काढलं, खिशावर हात फिरवला. नेहमीचं वाक्य मात्र म्हणाले नाहीत. आई म्हणाली, "चार वाजू दे, भाऊ. मग काय ते करा." तिघं बसलो. चारला दिवा लागला.

मामा बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग आईला नीट समजावून सांगितलं. "ताय, चारला ऊन हँडलावर येतं. आतला प्लास्टिक फुगतो नि पत्र्याला पत्रा लागतो. त्यात तुजा कुंकू नि पानी. बाकी काय नाय." इतकं सोपं होतं! मला रडूच आलं. मी देवघरातून चावी आणली, मामांनी ती आईच्या हातात दिली. "मालक तूच आता. एकदा चालू कर नि बंद कर."

चालू झाली. बंद होईना. आईच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. "जोर नको लावू," मामा हलकेच म्हणाले. "समजूत काढ." आई वाकली, चावीच्या भोकाला ओठ लावून काहीतरी पुटपुटली. चावी फिरली आणि दिवा गेला. मामांनी स्विच बदलला. त्या रात्री आई माझ्याबरोबर जेवली, आणि त्यानंतर चारला दिवा लागला नाही.

या वर्षी मामांचे हात फार थरथरू लागले. शेड विकून ते मुलीकडे डहाणूला निघाले, तेव्हा मी भेटायला गेले. भिंत रिकामी होती. त्यांनी खिशातून एक जुना फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमच्या गाडीचा. त्या दिवशी नवा घातला, हा राहिला."

"विसरलात ना नेहमीसारखं?" मी हसले.

ते हसले नाहीत. "आल्या आल्या काढलेला, पोरी. चारला तो माज्या खिशात होता."

मी घरी आले. आई पडवीत वाल सोलत बसली होती, गाडीच्या शेजारी. तिला सांगायचं की नाही ते ठरत नव्हतं. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि मी ती उघडली.

"दिला होय त्यांनी?" ती म्हणाली. "खिशात टाकताना बघितला होता मी."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग तू चावी का फिरवलीस?"

आईने एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "तू रोडावली होतीस किती. त्याला तेच सांगितलं. म्हटलं, तिला माजी गरज हाय, तू आता जा." तिने सूप पाखडलं. "आयुष्यात पयल्यांदा माजा आयकला त्याने."